कंपन्यांची वकिली की व्यवस्थापनाचा सल्ला?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सकाळच्या सत्रात दिलेले भाषण)



 दरसाल या व्यासपीठावरून एखादे डॉक्टर, इंजिनियर अथवा मोठे अधिकारी मुलांच्या भवितव्याविषयी चार शब्द सांगतात. यंदा चिटणीसांनी ते काम जुन्या अकरावीच्या एका मॅट्रिक मास्तरावर सोपविले आहे. विषय तर असा की, त्यातील दोहोंपैकी एकाही व्यवसायाचे तोंड मी निवृत्त होईपर्यंत पाहिले नव्हते. तथापि त्यांनी मलाच का धरले हे मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी याच प्रश्नावरून आपल्यातील एका घरी जो वाद झाला त्यात मला पंच म्हणून बसावे लागले, आणि तो वाद मिटता मिटता आपल्या मंडळाचेही थोडे हसे झाले. ही हकीकत सांगण्यास मी त्या कुटुंबाची परवानगी घेतली आहे. मंडळाची घेतलेली नाही.

मुलगी आपल्या शिक्षणनिधीतून कर्ज घेऊन शिकलेली. तिचे वडील माझे विद्यार्थी. शिलाईचे दुकान आजोबांपासूनचे. तयार कपड्यांच्या लाटेत ते कसेबसे टिकले ते कोट, शेरवानी आणि शाळांचे गणवेश यांच्या बळावर. मुलीने बारावीनंतर क्लॅट नावाची परीक्षा दिली. २००८ सालापासून देशातील बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे दार त्याच एका परीक्षेने उघडते. आपल्या महाराष्ट्रात अशी तीन विद्यापीठे आहेत, मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे. पाच वर्षांचा अभ्यासक्रम तिने उत्तम रीतीने पुरा करीत आणला आणि शेवटच्या वर्षी तिच्यापुढे एकदम दोन पाने वाढली गेली. एक मुंबईच्या मोठ्या वकिली पेढीचे, जेथे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे, कर्जांचे आणि करारांचे काम चालते. दुसरे एका व्यवस्थापन सल्लागार कंपनीचे. अशा कंपन्या पूर्वी केवळ व्यवस्थापनाच्या पदवीधरांना व इंजिनियरांना घेत. हल्ली काही विधी विद्यापीठांतही त्या फिरकतात.

वडील म्हणाले, वकील हो. मामा म्हणाले, सल्लागार हो, जग पाहशील. आई म्हणाली, ‘ज्या कामात पोरगी रात्री जेवायच्या वेळेला घरी असेल ते घ्यावे.’ या माउलीस प्रथमच सांगून टाकणे भाग पडले की, तसे या दोहोंपैकी एकही नाही. वकिली पेढीत करारावर सह्या व्हावयाच्या आदल्या आठवड्यात रात्र आणि दिवस यांत भेद राहत नाही. सल्लागाराचा सोमवार विमानतळावर उगवतो आणि आठवडा अशिलाच्या गावी हॉटेलात जातो. आरंभीचे वेतन दोन्हीकडे इतके की, माझ्या निवृत्तीच्या वेळच्या पगाराशी त्याची तुलना करणे म्हणजे स्वतःस उगाच दुखवून घेणे होय. तेव्हा पैशाने निकाल लागणार नव्हता आणि विश्रांतीनेही लागणार नव्हता. ‘गुरुजी, तुम्हीच सांगा,’ असे म्हणून सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

मी काय सांगणार? चाळीस वर्षे मुलांना मी एकच सांगत आलो की, उत्तर येत नसेल तर आधी प्रश्न नीट वाचावा. म्हणून मुलीलाच म्हटले, ‘बाळ, या दोन ठिकाणी सकाळी गेल्यावर माणसे काय करतात ते मला समजावून दे. मला समजले तर तुझ्या आईला समजेल.’

तिने एक उदाहरण घेतले. समजा, एका कारखानदाराने दुसऱ्याचा कारखाना विकत घ्यावयाचे ठरविले. वकील काय करील? विकणाऱ्याच्या जमिनीचे कागद, बँकेची कर्जखते, चालू दावे, परवाने, कामगारांची देणी हे सारे वाचून काढील. कारखाना शेअर बाजारात नोंदलेला असेल, तर सेबीचा २०११ सालचा नियम पाहील. त्या नियमाप्रमाणे पंचवीस टक्के मताधिकार हाती आला की, इतर भागधारकांकडून आणखी किमान सव्वीस टक्के भाग घेण्याचा जाहीर प्रस्ताव करावा लागतो. व्यवहार मोठा असेल तर स्पर्धा आयोगाची संमती घेईल. मग करार लिहील, आणि त्यात उद्या एखादे दडवलेले देणे निघाले तर ते कोणी सोसावयाचे हे एकेका शब्दाने बांधून ठेवील. सल्लागार मात्र या कागदांना हातही लावणार नाही. त्याचा प्रश्नच निराळा: हा कारखाना मुळात घ्यावा काय? घेतल्यावर दोन्हींची गोदामे एक करावीत काय? माल बाजारात का पडून राहतो? तो आकडे मागवील, गिऱ्हाइकांशी बोलेल, यंत्रावरच्या माणसाला विचारील आणि सहा-आठ आठवड्यांनी मालकापुढे आपले म्हणणे मांडील.

तिचे वडील कोटाला काजे करीत हे ऐकत होते. ते मान वर न करताच म्हणाले, ‘म्हणजे एक बेततो आणि दुसरा शिवतो.’

मंडळी, मी पुष्कळ ठिकाणी या दोन व्यवसायांचे वर्णन ऐकले, परंतु याहून नेमके ऐकले नाही. ‘बेत’ हा शब्द मराठीला आपल्याच पाटावरून गेलेला आहे. कापडावर खडूने रेघा मारून कात्री कोठून चालवावयाची हे ठरविणे, ते बेतणे. तेथे चूक झाली तर पुढे कितीही बारीक टीप घाला, अंगरखा बसत नाही. उलट बेत कितीही नामी असला आणि शिवण कच्ची राहिली, तर कपडा भर लग्नात उसवतो, आणि गिऱ्हाईक बेतणाऱ्याला विसरून शिवणाऱ्याच्या दारात उभे राहते. आपल्यातील जुन्या दुकानांत बेतणारा हात आणि शिवणारा हात निराळे असत, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. कोणता हात मोठा यावर भांडणे होत. ती कधी मिटली नाहीत.

आता या बेतणाऱ्यांच्या धंद्याचा एक इतिहास मुलीनेच मला सांगितला, तो ऐकण्यासारखा आहे. या क्षेत्रातील सर्वांत नामांकित कंपनी मॅकिन्झी. ती १९२६ साली अमेरिकेत शिकागो येथे जेम्स मॅकिन्झी या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकाने काढली. परंतु तिला आजचे रूप दिले ते एका वकिलाने. मार्विन बॉवर त्यांचे नाव, जन्म १९०३ चा. हार्वर्डमधून त्यांनी आधी कायद्याची आणि मग व्यवस्थापनाची पदवी घेतली आणि क्लीव्हलँड शहरातील एका मोठ्या वकिली पेढीत ते रुजू झाले. ते महामंदीचे दिवस होते. कारखाने धडाधड बुडत होते आणि त्यांना ज्यांनी कर्जे दिली त्यांच्या समित्यांचे काम या तरुण वकिलाकडे येई. त्यांच्या ध्यानी एक गोष्ट आली. कर्जाची फेररचना करण्यास वकील होते, पैशाचा हिशेब मांडण्यास सावकार होते. कारखाना बुडाला का, हे विचारणारा कोणीच नव्हता. खाली काम करणाऱ्यांना बहुधा बिघाड ठाऊक असे, परंतु तो जिना चढून वर मालकापर्यंत पोहोचत नसे. १९३३ साली बॉवर यांनी वकिली सोडली व ते मॅकिन्झीकडे गेले.

गंमत पुढेच आहे. वकिली सोडली तरी वकिलीची रीत त्यांनी सोडली नाही. आपला धंदा हा दुकानदारी न होता वकिली-वैद्यकीसारखा पेशा व्हावा, अशी त्यांची ईर्षा होती. गिऱ्हाईक न म्हणता अशील म्हणावे, त्याचे गुपित राखावे, आपल्या लाभाआधी त्याचे हित पाहावे आणि त्याला न रुचणारे असले तरी खरे तेच सांगावे, असे दंडक त्यांनी घातले. १९५० ते १९६७ पर्यंत ते त्या कंपनीचे प्रमुख होते. १९६३ साली वयाची साठ वर्षे झाली तेव्हा आपले भाग त्यांनी बाजारच्या चढ्या भावाने बाहेर न विकता, कंपनीलाच पुस्तकी किमतीस परत दिले. सोडलेल्या लोभाची गणती हल्ली कोणी करीत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

परंतु पेशा म्हणण्याने पेशा होतो काय, हा प्रश्न मास्तराच्या मनात आलाच. आपल्याकडे वकिलावर १९६१ चा अधिवक्ता अधिनियम आहे. सनद घ्यावी लागते. त्यानंतर बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. (जाता जाता पालकांसाठी: सनदेच्या नोंदणीची फी साडेसातशे रुपयांहून आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी सव्वाशे रुपयांहून अधिक घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले आहे. कोणी जास्त मागितले तर पावती मागावी.) वकिलाने गैरवर्तन केले तर त्याची सनद निलंबित होते, काढूनही घेतली जाते. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याने उघड करू नये, याला पुराव्याच्या कायद्याचे कवच १८७२ पासून होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ते राखले आहे. व्यवस्थापन सल्लागाराला मात्र अशी कोणतीच सरकारी सनद नाही. उद्या मी माझ्या ओसरीवर तशी पाटी लावली तर मला अडविणारा कायदा नाही.

म्हणून वकील अधिक जबाबदार असे मी घाईने म्हणून बसलो, तेव्हा मुलीनेच मला थांबविले. ती म्हणाली, ‘गुरुजी, वकिलाला ग्राहक न्यायालयात खेचता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चाच निर्णय आहे. आणि सल्लागार अगदी मोकळा सुटतो असेही नाही.’ मग तिने त्याच नामांकित कंपनीची दुसरी बाजू सांगितली. अमेरिकेत आफूच्या जातीची वेदनाशामक औषधे खाऊन लाखो माणसे दगावली. ती औषधे बनविणाऱ्या कंपनीला खप वाढविण्याचा सल्ला मॅकिन्झीने दिला होता. त्यापायी २०२१ साली तिला तेथील राज्यांना ५७ कोटी ३० लाख डॉलर देणे मान्य करावे लागले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या चौकशीपोटी आणखी ६५ कोटी डॉलर. बॉवर २००३ साली वारले. हे पाहावयास ते उरले नाहीत. सल्ला हा हवेत विरून जाणारा शब्द असतो, असे समजणाऱ्या तरुणांनी ही दोन आकड्यांची ओळ आपल्या वहीत लिहून ठेवावी.

असो. पुस्तकी चर्चेने दोन आठवडे गेले, परंतु मुलीचा कल कोठे आहे हे कळेना. तेव्हा मास्तरकीची जुनी युक्ती केली. तोंडी परीक्षा पुरे, प्रात्यक्षिक घेऊ. दिवाळीची सुट्टी होती. मी तिला मंडळाच्या कपाटातून दोन गोष्टी दिल्या. एक, वसतिगृहाच्या तळमजल्याचा दिवाणखाना एका खाजगी शिकवणीवर्गाला नऊ वर्षांच्या भाड्याने देण्याचा कराराचा मसुदा. ठराव झाला होता, अनामत घेतली होती, सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. दुसरी, वसतिगृहाची गेल्या सहा वर्षांची हजेरीबुके. चाळीस खाटा आणि सतरा मुले. म्हटले, पहिल्यात वकिली कर आणि दुसऱ्यात सल्ला दे. काय गोड लागते ते तुझे तूच पाहा.

पहिल्या कामास तिला एक रात्र लागली. सकाळी चहाच्या वेळेस ती दारात हजर. ‘गुरुजी, ही सही करू नका.’ सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा जो १९५० चा कायदा आहे त्याच्या कलम ३६ प्रमाणे, विश्वस्त संस्थेला आपली इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावयाची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर पट्टा वैध ठरत नाही. आमच्या कार्यकारिणीत दोन निवृत्त मुख्याध्यापक, एक बँकेचे अधिकारी आणि मी. एकाच्याही मनात ही शंका आली नव्हती. मी सदस्य म्हणून त्या ठरावाला अनुमोदन दिले होते. आमच्यातील एका हुशार गृहस्थांनी लगेच तोड सुचविली की, तीन-तीन वर्षांचे तीन तुकडे पाडू. ती म्हणाली, ‘काका, पुढची सहा वर्षे देण्याचे वचन आजच लिहून दिलेत, तर तुकडे कागदावरच राहतील आणि धोका तसाच राहील. तीनच वर्षे द्या, नाहीतर रीतसर अर्ज करा.’ आम्ही रीतसर अर्ज केला. अनामत रक्कम तोवर परत केली. हे सारे आठ दिवसांत झाले. कार्यकारिणीने आठ दिवसांत केलेले दुसरे काम माझ्या स्मरणात नाही.

दुसऱ्या कामास तिला सगळी सुट्टी लागली. वसतिगृह रिकामे पडत चालले, याचे कारण फी जड जाते असे आम्ही धरून चाललो होतो आणि त्यापायी दोनदा फी कमी केली होती. तिने हजेरीबुके पाहिली आणि मिटून ठेवली. मग ती सोडून गेलेल्या मुलांच्या शोधात निघाली. एस.टी. स्थानकामागच्या खोल्यांत, अभ्यासिकांत, चहाच्या टपऱ्यांवर मिळून तेवीस मुले तिने गाठली. त्यातील बहुतेक मुले आपल्या फीच्या दुप्पट भाडे भरून कोंदट खोल्यांत राहत होती! फी जड असती तर हे झाले नसते. कारण एकच निघाले. आपले फाटक रात्री आठ वाजता बंद होते आणि जेवण साडेसातला आटोपते. हल्लीच्या मुलांचे वर्ग साडेआठला सुटतात; पुष्कळ मुले संध्याकाळी कोठेतरी अर्धवेळ नोकरी करून शिकतात. त्यांना आपल्याकडे राहावयाचे तर शिकणे तरी सोडावे लागते नाहीतर जेवणे. तिने पहारेकऱ्याला विचारले, ‘मामा, हे तुम्हांला ठाऊक होते?’ तो म्हणाला, ‘चार वर्षं झाली ताई. मला कुणी विचारलंच नाही.’

क्लीव्हलँडचे बॉवर मला त्या क्षणी आठवले. बिघाड खाली ठाऊक होता. जिना चढून वर आला नव्हता.

आणि वर कोण बसले होते? फाटकाची ती वेळ १९९८ साली ठरली तेव्हा वसतिगृहाची देखरेख माझ्याकडे होती. शिस्तीचे ते कलम माझ्या अक्षरात आहे. त्याचा मला अभिमानही होता.

मुलीने दोन पानांचा अहवाल लिहिला. फाटक दहाला बंद करावे, उशिरा येणाऱ्यांचे ताट झाकून ठेवावे, नावे वहीत नोंदवावीत आणि एक सत्र अनुभव घेऊन पुन्हा विचार करावा. खर्च जवळजवळ नाहीच. जानेवारीच्या सभेत तिने तो वाचून दाखविला. इतके स्वच्छ, नम्र आणि ठाम बोलणे मी शाळेच्या चाळीस वर्षांत फार थोड्या मुलांकडून ऐकले. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. अध्यक्षांनी शाल-श्रीफळ दिले. त्यानंतर, विषय नाजूक असल्याने तो पुढील सभेत विचारार्थ ठेवावा, अशी सूचना आली व ती एकमताने मंजूर झाली. ती सूचना कोणाची होती, हे इतिवृत्तात आहे. माझी होती.

आता या दोन व्यवसायांच्या निवडीत जे मला कोणत्याही माहितीपत्रकात सापडले नाही, ते या दोन प्रसंगांत मला दिसले. शिवणाऱ्याच्या शब्दामागे कलम उभे असते. तो ‘नाही’ म्हणाला की, मोठमोठ्या कंपन्यांना थांबावे लागते. मात्र त्याला बहुधा बेत झाल्यावर बोलावतात. कापड कापून झालेले असते. बेतणाऱ्याला आधी बोलावतात, त्याला मालकाच्या मनात शिरता येते, वाईट कापड वाया जाण्यापूर्वी वाचविता येते. परंतु त्याच्या शब्दामागे काहीच नसते. मालकाने ऐकले तर ऐकले, नाहीतर शाल आणि श्रीफळ.

पालकांनी विचारलेल्या काही गोष्टी येथे थोडक्यात सांगतो. कायद्याच्या वाटेला केवळ राष्ट्रीय विद्यापीठेच आहेत असे नाही. मुंबईचे १८५५ चे शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचे १९२४ चे आय.एल.एस. ही आहेत, आणि तेथील प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेने होतो. सल्लागारीकडे जाणारा नेहमीचा रस्ता इंजिनियरी अथवा कोणतीही उत्तम पदवी, दोन-तीन वर्षे नोकरी आणि मग कॅट परीक्षा देऊन व्यवस्थापनशिक्षण असा आहे. नागपूरचे आय.आय.एम. २०१५ साली निघाले आणि मुंबईतील १९६३ ची नीटी ही संस्था २०२३ पासून आय.आय.एम. मुंबई झाली, तेव्हा अहमदाबादचीच आस धरण्याचे कारण उरले नाही. एका वाटेवरून दुसरीवर जाता येते, पण सारख्या सुलभतेने नाही. वकील पाच वर्षांनी व्यवस्थापन शिकून सल्लागार होऊ शकतो, बॉवर तसेच झाले. सल्लागाराला पाच वर्षांनी वकिली पेढीत बसावयाचे तर बहुधा पहिल्या पायरीवरच बसावे लागते. शिवाय बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर त्याला आपली वकिली थांबवावी लागते. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे करार वाचू लागली आहेत आणि सल्लागारांचे तक्तेही रेखू लागली आहेत. उमेदवारीचे काम दोन्हीकडे बदलते आहे. त्या भीतीने एक सोडून दुसरे धरण्यात अर्थ नाही. शिलाईयंत्र आले तेव्हा आपल्या पूर्वजांनी सुई सोडली नाही, पण यंत्रही टाळले नाही.

एक गोष्ट मात्र ज्ञातीच्या व्यासपीठावर बोलू नये असे पुष्कळांना वाटते, म्हणूनच बोलतो. हे दोन्ही धंदे विश्वासावर चालतात, आणि विश्वास कोणावर ठेवावयाचा हे आपला समाज पुष्कळदा माणूस पाहून न ठरविता आडनाव पाहून ठरवितो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील शिक्षणानंतर मुंबईत आले तेव्हा त्यांनी शेअर व गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि तो बंद पडला. १९२३ साली ते मुंबईत वकिली करू लागले, तर तेथेही सॉलिसिटर मंडळी त्यांच्याकडे कामे देईनात. ज्या माणसाने पुढे देशाची घटना बेतली आणि शिवली, त्याला या शहराने दोन्ही दुकानांच्या पायरीवर अडविले होते. आपल्या मुलीचा कोणी काका मोठ्या पेढीत भागीदार नाही. मुलाखतीत तिला प्रथम विचारले गेले, ‘घरी कोणी वकील?’ तिने उत्तर दिले, ‘नाही, शिंपी आहेत.’ समोरचे गृहस्थ हसले, पण निवड झाली. शंभर वर्षांत एवढा फरक पडला, हे कमी नाही आणि पुरेसेही नाही.

फेब्रुवारीत ती उत्तर घेऊन आली. मी मनाशी ठरवून टाकले होते की, ती सल्लागारच होणार. त्या तेवीस मुलांना ज्या हाताने तिने बोलते केले तो हात बेतणाऱ्याचा होता, यात मला आजही संशय नाही. तसे मी तिला सांगितलेही. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘गुरुजी, मी वकिली पेढीत जाते.’

वडिलांना आनंद झाला. मला कारण हवे होते.

ती म्हणाली, ‘कराराच्या कामात मला एवढे सुख झाले नव्हते जेवढे त्या मुलांशी बोलताना झाले. ते खरे आहे. पण टाळ्या वाजवून कपाटात ठेवलेला अहवाल मला सहन होणार नाही. तुम्ही सगळे चांगली माणसे आहात, मला लहानपणापासून ओळखता, तरी ऐकले नाहीत. परकी माणसे काय ऐकतील? निदान कलम ३६ ला तरी तुम्ही भ्यायलात.’

मी काय बोलणार? मी तिला म्हटले, बाळ, सगळे मालक आमच्यासारखे नसतील. ती हसली. जुलैपासून ती मुंबईत आहे. निधीच्या कर्जाचा पहिला हप्ता तिने सप्टेंबरातच भरला. खजिनदारांनी तसे मला कळविले आहे. परवा तिचा फोन आला होता. प्रकृती विचारली, आईला जरा समजवा म्हणाली, आणि शेवटी विचारले, ‘गुरुजी, फाटक?’

वसतिगृहात या घडीला पंधरा मुले आहेत. फाटकाची वेळ दहा करण्याचा ठराव आज दुपारच्या सत्रात सातव्या क्रमांकावर ठेवला आहे. तो मी मांडणार आहे. अनुमोदनासाठी माझ्याकडे अद्याप कोणाचे नाव नाही. जेवणानंतर पुष्कळ मंडळी मुक्कामाच्या गाड्या गाठावयास निघतात आणि सातव्या विषयाला गणसंख्या उरत नाही, हा गेल्या कित्येक मेळाव्यांचा अनुभव आहे. आज कृपा करून साडेचारपर्यंत थांबावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.